गणपती रंगमहालातील दरबार : एका मुद्राचित्राची उलटतपासणी

१.
आजच्या धाग्याचा विषय एक चित्र आहे. उंच, कोरीव खांबांचे आणि महिरपींचे दालन. पगड्या आणि पागोटी घातलेल्या दरबाऱ्यांची दाट बैठक. मागे गणपतीची मूर्ती. गादीवर एक कोवळा मुलगा आणि त्याच्यासमोर तहाचा कागद घेऊन आलेला एक इंग्रज. पुण्याच्या इतिहासात रस असणाऱ्या बहुतेकांनी हे चित्र कधी ना कधी पाहिले असेल. हा मुलगा म्हणजे सवाई माधवराव पेशवे. हा इंग्रज म्हणजे पुणे दरबारातील कंपनी सरकारचा पहिला रेसिडेंट, चार्ल्स वॉर मॅलेट. स्थळ शनिवारवाडा, साल १७९०.

२.
पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना हे चित्र माझ्या मोबाइलच्या पडद्यावर कायम असे. ‘शनिवारवाड्याचे आतले अस्सल दृश्य’ अशी ओळ लिहून मी ते अनेकांना पाठवलेही होते. पुढे एका तासाला आमच्या प्राध्यापकांनी ते फळ्यावर दाखवले आणि एकच प्रश्न विचारला : “हा दरबार भरला तेव्हा या चित्राचा चित्रकार कुठे होता?” वर्गात कुणालाच उत्तर देता आले नाही. आजचा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

३.
प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपण बहुधा जे पाहतो ते दोनांपैकी एक असते. एक, थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने रंगवलेले भव्य तैलचित्र. ते १८०५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले आणि आज ते लंडनच्याच टेट या कलासंग्रहालयात आहे. दुसरे, त्यावरून चार्ल्स टर्नर या कोरककाराने १८०७ साली तयार केलेले मुद्राचित्र. तैलचित्र एक होते आणि एका भिंतीवर टांगलेले होते. मुद्राचित्राच्या प्रती मात्र अनेक निघाल्या आणि अनेक घरांत गेल्या. ‘मराठ्यांचा दरबार कसा दिसे’ ही कल्पना दूरवर पोहोचवली ती या छापील प्रतींनी.

४.
आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दरबार १७९० चा, तैलचित्र १८०५ चे, छाप १८०७ चा. म्हणजे प्रसंग आणि चित्र यांत पंधरा वर्षांचे, तर प्रसंग आणि छाप यांत सतरा वर्षांचे अंतर आहे. १७९० साली थॉमस डॅनियल भारतात होता खरा, पण आपला पुतण्या विल्यम याच्यासह तो उत्तरेत, गंगेच्या प्रदेशात देवळे आणि घाट रेखाटत होता. शनिवारवाड्यातील त्या दिवशीच्या बैठकीला तो हजर नव्हता. थोडक्यात, हे डोळ्यांनी पाहून काढलेले चित्र नव्हे.

५.
मग त्याने काढले तरी कशावरून? येथे जेम्स वेल्स हे नाव येते. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला आणि १७९२ साली पुण्यात आला. मॅलेटच्या शिफारशीने त्याला दरबाराची दारे उघडली. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना प्रत्यक्ष समोर बसवून त्याने त्यांची चित्रे केली. आज पाठ्यपुस्तकांत आपण या मंडळींचे जे चेहरे ओळखतो, त्यांत वेल्सच्या कुंचल्याचा वाटा फार मोठा आहे. १७९० च्या तहाचे मोठे चित्र करावे, ही कामगिरी मॅलेटने त्याच्याकडेच सोपवली होती.

६.
पण एक गोष्ट ध्यानात घ्या : वेल्स स्वतःही त्या दरबाराला नव्हता. तो भारतात पोहोचला तोच मुळी तहानंतर. माणसांचे चेहरे त्याने पाहून रेखाटले, वाडा पाहिला, दालन पाहिले. प्रसंग मात्र त्याला ऐकून उभा करावा लागला. सांगणारा अर्थातच मॅलेट, म्हणजे चित्राचा नायक आणि चित्राचा ग्राहक एकच. काम पुरे होण्याआधीच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टी बेटावर लेण्यांची रेखाटने करत असताना तापाने वेल्सचा मृत्यू झाला. त्याची रेखाटने मॅलेटने जपली, विलायतेला नेली आणि तेथे ती डॅनियलच्या हाती दिली.

७.
या कथेला एक कौटुंबिक धागाही आहे. १७९९ साली मॅलेटने इंग्लंडमध्ये वेल्सच्याच मुलीशी, सुसानाशी, विवाह केला. म्हणजे डॅनियलने जे पूर्ण केले ते एका अर्थी घरातलेच काम होते : सासऱ्याची रेखाटने, जावयाची कीर्ती. आपण ज्याला ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ म्हणतो, ते निवृत्त होऊन घरी परतलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या दिवसाचे करवून घेतलेले स्मारक आहे. यामुळे ते खोटे ठरत नाही. परंतु ते कुणाच्या बाजूने बोलते, हे ठरते.

८.
चित्राच्या शीर्षकातही याची साक्ष सापडते. तेथे नायकाचा उल्लेख ‘सर’ चार्ल्स वॉर मॅलेट असा येतो. पण दरबार भरला तेव्हा तो ‘सर’ नव्हता. बॅरोनेट हा किताब त्याला १७९१ साली मिळाला आणि तोही मुख्यतः याच तहाच्या कामगिरीबद्दल. म्हणजे ज्या प्रसंगाने किताब मिळवून दिला, त्या प्रसंगाच्या चित्रात किताब आधीच बहाल झालेला आहे. शिवाय शीर्षकाच्या वाक्यात कर्ता मॅलेट आहे. तह ‘मॅलेट करतो’, पेशवे केवळ ‘ज्यांच्याशी केला ते’ आहेत.

९.
मुद्राचित्राच्या तंत्राविषयीही थोडे सांगायला हवे. ही छपाई मेझोटिंट पद्धतीची आहे. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्वत्र खरबरीत केला जातो. तसाच छापला तर कागद गर्द काळा उमटतो. मग जेथे उजेड हवा तेथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करतात. गुळगुळीत भागावर शाई धरत नाही, म्हणून तेथे कागद पांढरा राहतो. थोडक्यात, कोरककार अंधारातून उजेडाकडे काम करतो. कुणाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडावा आणि कोण सावलीत राहावे, हे प्रत्येक ठिकाणी हाताने ठरवावे लागते. हा टर्नर साधा कारागीर नव्हता. प्रख्यात निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर याच्या मुद्राचित्रांचे कामही त्याने त्याच १८०७ सालापासून केले. दोघांचे आडनाव सारखे, नाते मात्र नव्हते.

१०.
आता चित्रातून बाहेर पडून पुण्यात येऊ. हा तह झाला तरी कशासाठी? डिसेंबर १७८९ मध्ये टिपू सुलतानाने त्रावणकोरच्या संरक्षक तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा मित्र. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला युद्धाचे कारण मिळाले, पण एकट्याच्या बळावर म्हैसूरशी लढण्याची कंपनीची तयारी नव्हती. तिला मराठ्यांचे आणि निजामाचे घोडदळ हवे होते, त्यांच्या मुलखातून येणारी रसद हवी होती. म्हणजे १७९० च्या उन्हाळ्यात गरजू पक्ष कंपनी होती आणि अर्जदार मॅलेट होता. चित्र पाहताना हे मनाशी धरून ठेवा.

११.
नाना फडणवीसांचे गणित वेगळे होते. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला प्रदेश हैदरअली आणि टिपू यांच्या काळात मराठ्यांच्या हातून गेला होता. १७८५ साली टिपूने नरगुंद आणि कित्तूर घेतले. त्यावरून झालेले युद्ध १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहाने थांबले, पण दुखणे बरे झाले नव्हते. इंग्रजांच्या तोफखान्याच्या आधाराने हा प्रदेश परत मिळवता येत असेल, तर नानांना ती संधी सोडायची नव्हती. त्याच वेळी इंग्रजांना डोईजड होऊ द्यायचे नाही, हेही त्यांच्या मनात पक्के होते. म्हणून वाटाघाटी लांबल्या. मराठ्यांच्या बाजूने बहिरोपंत मेहेंदळे हे मॅलेट आणि नाना यांच्यात बोलणी करत होते.

१२.
१ जून १७९० रोजी पुण्यात तह ठरला. मुख्य अटी अशा : पेशवे आणि निजाम यांनी प्रत्येकी किमान २५,००० फौज घेऊन टिपूच्या मुलखावर चालून जावे. इंग्रजांनी मागणी केल्यास प्रत्येकी १०,००० घोडेस्वार त्यांच्या सैन्याबरोबर द्यावेत व त्यांचा खर्च कंपनीने सोसावा. जिंकलेला मुलूख तिघांनी समान वाटून घ्यावा. आणि तिघांपैकी कुणीही एकट्याने टिपूशी तह करू नये. निजामाशी असाच तह ४ जुलै रोजी झाला.

१३.
मग दरबाराचा प्रसंग कोणता? येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. रेसिडेंटाने ठरवलेल्या तहाला कलकत्त्याहून गव्हर्नर जनरलची मंजुरी लागत असे. ती जुलैत झाली, कागद पुण्याला आला आणि ऑगस्टच्या आरंभी तो समारंभपूर्वक पेशव्यांच्या हाती देण्यात आला. चित्रात आहे तो हा क्षण. म्हणजे भांडण, घासाघीस, नाराजी, निरोपांची ने-आण हे सगळे आधीच संपलेले आहे. आता उरला आहे तो केवळ विधी. ज्या खोल्यांत खरा निर्णय झाला, त्या खोल्या कुणी रंगवल्या नाहीत. राजकारणाची चित्रे बहुधा निर्णयाची नसतात, निर्णयानंतरच्या शोभेची असतात.

१४.
म्हणून शोभा क्षुल्लक मानू नये. दरबार ही त्या काळची एक भाषा होती. कोण गादीच्या किती जवळ बसला, कुणाला उठून सामोरे गेले, कुणाला वस्त्रे मिळाली, कुणाला विडा आणि अत्तर, यांतून दर्जा ठरत असे आणि उपस्थितांपैकी प्रत्येक जण तो वाचत असे. मॅलेटला ही भाषा चांगली अवगत होती. चित्रातही खुर्च्या नाहीत. इंग्रज पाहुणे मराठी बैठकीच्या रिवाजाने बसले आहेत. १७९० साली पुण्यात पुण्याचेच नियम चालत, एवढे तरी हे चित्र प्रामाणिकपणे सांगते.

१५.
आता गादीवरच्या मुलाकडे पाहू. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे या दरबारात ते अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांच्या जन्माच्या सुमारे आठ महिने आधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे वडील नारायणराव याच वाड्यात मारले गेले होते. संशयाचा रोख चुलते रघुनाथरावांवर होता. त्यानंतर बारभाईंनी या मुलाच्या नावाने राज्य चालवले. तो जन्मल्यापासून गादीचा धनी होता; कारभार मात्र नाना पाहत होते.

१६.
आणि आता समोरच्या पाहुण्याकडे पाहा. पुण्याला येण्यापूर्वी मॅलेट खंबायत येथे कंपनीचा अधिकारी होता. १७७५ साली फौजा पाठीशी लागलेले रघुनाथराव पराभूत होऊन खंबायतेला पोहोचले, तेव्हा त्यांना आश्रय देऊन समुद्रमार्गे सुखरूप भावनगरकडे रवाना करणारा इंग्रज अधिकारी हाच. त्यातूनच पुढे सुरतेचा तह आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले. पंधरा वर्षांनंतर तोच मॅलेट नारायणरावांच्या मुलासमोर मैत्रीचा कागद घेऊन बसला आहे. हे त्या दालनात अनेकांना ठाऊक असणार, नानांना तर नक्कीच. या चित्रात जे मौन आहे, त्यातले हे सर्वांत जड मौन.

१७.
मॅलेट पुण्यात आला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे मध्यस्थ होते आणि कंपनीने पुण्याशी जे बोलायचे ते आपल्यामार्फत बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. पुण्यात स्वतंत्र इंग्रज वकील बसणे त्यांना रुचणारे नव्हते. म्हणून १७८५ साली मॅलेटला आधी उत्तरेत महादजींच्या छावणीपर्यंत जाऊन त्यांचे मन वळवावे लागले आणि मगच, मार्च १७८६ मध्ये, तो पुण्यास पोहोचला. पुढे मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वस्ती झाली. चित्रात जो सहज शेजारी बसलेला दिसतो, त्याला त्या जागेपर्यंत यायला एवढा मोठा वळसा घ्यावा लागला होता.

१८.
एखादे चित्र वाचताना त्यात कोण आहे यापेक्षा त्या जागी कोण नव्हते, हे विचारावे. या दरबारी प्रत्यक्ष नसलेल्यांची यादी बोलकी आहे. महादजी शिंदे त्या वेळी उत्तरेत राजपुतान्याच्या मोहिमेत गुंतले होते. ते पुण्यास आले १७९२ साली. ज्याच्याविरुद्ध तह होता तो टिपू अर्थातच नव्हता. आणि ज्यांच्या नावाने पेशवे राज्य चालवत, ते छत्रपती दुसरे शाहू महाराज साताऱ्यास होते. पेशवे हे पद प्रधानाचे. तहाच्या कागदांतही त्यांचा निर्देश ‘पंडित प्रधान’ असा होतो. लंडनच्या प्रेक्षकांना मात्र सिंहासनासारख्या गादीवरचा एक ‘राजपुत्र’ दिसला. मराठी राज्यरचनेतील छत्रपती आणि प्रधान यांचे नाते या चौकटीत मावलेच नाही.

१९.
चौकटीबाहेर राहिलेले आणखी एक नाव म्हणजे गंगाराम तांबट. पुण्याचा हा मराठी कलावंत वेल्स येण्याच्या आधीपासून मॅलेटसाठी चित्रे काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, मल्ल, वेरूळची लेणी अशा कितीतरी विषयांवरची त्याची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मॅलेटच्या प्रयत्नाने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली. तेथे वेल्सच्या हाताखाली गंगारामाने पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन आत्मसात केले. मुद्राचित्राचे श्रेय देताना आपण डॅनियल आणि टर्नर म्हणतो, अभ्यासक वेल्सपर्यंत जातात. मराठी डोळ्यांनी तो दरबार, तो वाडा, ती माणसे रोज पाहणाऱ्या गंगारामापर्यंत मात्र फार थोडे पोहोचतात.

२०.
तहाचे पुढे काय झाले? परशुरामभाऊ पटवर्धनांनी कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणींसह धारवाडला वेढा घातला. तो एप्रिल १७९१ पर्यंत चालला. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन अन्नान्न दशेत मागे फिरला, तेव्हा मेलुकोटेजवळ परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांच्या फौजा त्याला भेटल्या. मराठ्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य होते. त्यावर इंग्रजांचे सैन्य तगले. याच मोहिमेत मराठ्यांच्या बाजूच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, ही लाजिरवाणी गोष्टही येथेच नोंदवली पाहिजे. इतिहास आवडतो म्हणणाऱ्याने सोयीची पाने तेवढी वाचून चालत नाही.

२१.
मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी ठरली आणि त्याचे दोन मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाले. मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत गेली. नानांचा हिशेब तात्पुरता तरी बरोबर ठरला. लंडनमध्ये मात्र गाजला तो ओलीस मुलांचा प्रसंग. मॅथर ब्राउन, रॉबर्ट होम, आर्थर विल्यम डेव्हिस अशा अनेकांनी तो रंगवला आणि त्याची मुद्राचित्रे खपली. दयाळू लॉर्ड आणि दोन लहान राजपुत्र, हा विषय इंग्रज ग्राहकाला फार भावला. मॅलेटचे चित्र याच बाजारपेठेत उतरले. फरक इतकाच, की येथे समोरचा मुलगा ओलीस नसून गादीचा मालक होता.

२२.
पण चित्र लंडनमध्ये लागेपर्यंत ही गादी कोणत्या अवस्थेत होती? सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्याच्या माडीवरून पडले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेला, वारले. त्यांचे वय एकवीस होते. महादजी १७९४ मध्ये गेले होते, नाना १८०० मध्ये गेले. टिपू १७९९ साली लढताना पडला आणि दक्षिणेतील सत्तांचा समतोल कायमचा मोडला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली. १८०३ साली असईची लढाई झाली. १८०५ साली रॉयल अकादमीत लोक हे चित्र पाहत होते, तेव्हा इकडे यशवंतराव होळकरांचा कंपनीशी चाललेला झगडाही अखेरीला आला होता.

२३.
म्हणून मला हे चित्र आता दोनदा दिसते. १७९० चा दरबार म्हणून पाहिले तर त्यात एक समर्थ सत्ता आहे, जिच्या दारी कंपनी मदत मागायला आली आहे. १८०५ चे चित्र म्हणून पाहिले तर तोच समारंभ साम्राज्याच्या कथेतील एक देखणा आरंभ होतो : बघा, आम्ही यांच्याशी किती सन्मानाने वागलो, यांनी किती खुशीने आमचा हात धरला. चित्रातील एक रेषाही न बदलता अर्थ फिरतो. तलवारीने जिंकलेली गोष्ट मैत्रीने मिळाल्यासारखी भासवणे, हे समारंभाच्या चित्राला जितके साधते तितके लढाईच्या चित्राला साधत नाही.

२४.
आणि आपण? आपणही तेच चित्र आपल्या अभिमानासाठी वापरतो. ‘पाहा, इंग्रज कसा आमच्या दरबारी बसला आहे!’ मी स्वतः हे केले आहे. तो अभिमान निराधार नाही, पण तो उसन्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. मॅलेटला पेशव्यांचा दरबार जितका भव्य दाखवता येईल तितका हवाच होता, कारण दरबार जेवढा मोठा तेवढी तेथे तह घडवून आणणाऱ्याची कर्तबगारी मोठी. आपल्या वैभवाचा तो पुरावा खरा, पण तो दुसऱ्याच्या पदकाची पार्श्वभूमी म्हणून रंगवला गेला आहे, हे विसरता कामा नये.

२५.
मग हे चित्र टाकून द्यायचे का? मुळीच नाही. नानासाहेबांच्या काळात उभा राहिलेला गणपती रंगमहाल आज नाही. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतील लाकडी इमारती जळून गेल्या. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्याचे हौद तेवढे उरले. त्या दालनाचे खांब, महिरपी, बैठकीची रचना कशी असावी, याची कल्पना देणारी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि हे चित्र त्यांतले एक आहे. फक्त त्याच्या साक्षीची विभागणी करावी. चेहरे बरेचसे विश्वसनीय, कारण वेल्सने ती माणसे समोर पाहिली. वास्तू बऱ्याच अंशी विश्वसनीय. प्रसंगाची मांडणी, कोण कुठे आणि कोणत्या आविर्भावात, ही मात्र मॅलेटची जबानी.

२६.
याच वाड्याचा आणि याच रेसिडेन्सीचा शेवट जाणून घेतला म्हणजे चित्राची चौकट पूर्ण होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी पेशव्यांच्या सैनिकांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. बाराच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मैत्रीचा कागद ज्या वाड्यात स्वीकारला गेला आणि ज्या घरातून तो आला, त्या दोन्ही वास्तूंचे भवितव्य एका पंधरवड्यात ठरले. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या समारंभाला हजर असलेल्या कुणालाही हे सांगितले असते, तर ते खरे वाटले नसते.

२७.
गेल्या महिन्यात मी पुन्हा शनिवारवाड्यात गेलो होतो. जोत्यांच्या दगडांवर उभा राहून मोबाइलवर टर्नरचे मुद्राचित्र उघडले आणि खांब कुठे असतील, गादी कुठे असेल याचा अंदाज घेऊ लागलो. जवळून एक शाळकरी सहल चालली होती. एका मुलाने वाकून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “दादा, हा फोटो आहे का?” मी म्हणालो, “नाही रे, हे चित्र आहे. ज्याने काढले तो तिथे नव्हता.” त्यावर त्याने लगेच विचारले, “मग त्याला कुणी सांगितले?”

२८.
आमच्या वर्गाला जो प्रश्न सुचला नव्हता, तो त्या मुलाला सहज सुचला. पुढच्या वेळी दरबाराचे, तहाचे, भेटीचे असे एखादे जुने चित्र समोर आले, तर एवढेच विचारा : चित्रकाराला कुणी सांगितले, पैसे कुणी दिले आणि जो गादीवर बसला आहे, त्याचे म्हणणे कुठे नोंदले आहे? सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांना त्या दिवशी काय वाटले, हे चित्र सांगू शकत नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला ते चित्र पूर्वीसारखे कधीच दिसत नाही.